मोंबासाचा फोर्ट जीझस: जरूर बघा, पण सकाळी

केनियात डियानीच्या किनाऱ्यावर जाताना मोंबासाला अर्धा दिवस मिळतोय, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत, तर फोर्ट जीझस हा किल्ला बघावा का, असं विचारलंय तुम्ही. नक्की बघा. मात्र नैरोबीची रेल्वे मोंबासा बेटाबाहेर मिरितिनीला थांबते, तेव्हा आदल्या दिवशी पोहोचून बेटावरच मुक्काम करा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. तटावर सावली नाही आणि हवा आपल्या कोकणासारखी दमट. ऊन चढायच्या आत तट उरका, उरलेला सगळा वेळ संग्रहालयाला द्या. बरेच जण तोफांपाशी फोटो काढून निघतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

कारण या किल्ल्याचं आपल्या किनाऱ्याशी नातं आहे. १५९३ मध्ये पोर्तुगीजांनी तो प्रवाळ खडकावर उभारायला घेतला, आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा. वसई आणि दमणच्या तटबंदीवरही त्यानं काम केलं होतं. १६३१ मध्ये पोर्तुगीजांना कापून किल्ला घेणारा मोंबासाचा सुलतान युसुफ बिन हसन लहानाचा मोठा झाला गोव्यात, ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या हाताखाली.

मग किल्ला पुन्हा पोर्तुगीजांकडे आल्यावर ओमानी अरबांचा वेढा, १६९६ ते १६९८, जवळजवळ पावणेतीन वर्षं! आतली माणसं लढाईपेक्षा रोगराईनंच जास्त मेली. त्यांच्या मदतीला आलेलं ‘सांतो आंतोनियो द ताना’ हे लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. ते बांधलं होतं वसईत. १९७७ पासून पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचं उत्खनन केलं, त्यातल्या वस्तू संग्रहालयात मांडल्या आहेत. तुमचे आईवडील ठाणे-वसईकडचे असतील तर तिथे त्यांना घाई करू नका. तटावरून काढून आत ठेवलेली भिंतीवरची चित्रंही बघा, कंटाळलेल्या पोर्तुगीज पहारेकऱ्यांनी जहाजं आणि चर्चं रेखाटली आहेत. इंग्रजांनी १८९५ पासून इथे तुरुंग केला होता, त्याच्या खुणा ओझरत्या पाहिल्या तरी चालेल.

आत जमीन खडबडीत आहे, आईंना सपाट, घट्ट बसणारे बूट घालायला सांगा. समुद्राकडे उतरणारी खडकात कोरलेली वाट त्यांनी टाळावी, तुम्ही एकट्यानं जाऊन या. ताकद उरली तर शेजारच्या जुन्या शहरातले नक्षीदार दरवाजे बघा. डियानीकडे जाताना लागणाऱ्या लिकोनीच्या फेरीबोटीला गाड्यांची रांग लागते, म्हणून जेवण उरकूनच निघा.