माझं तर शून्यच आलं!

तुम्ही विचारलंय की गणित शिक्षकांच्या गटात रोज एक कोडं टाकता, दोघं-तिघं उत्तर देतात, बाकीचे वाचून सोडून देतात. मग काय करावं? मीही बरेच दिवस हेच केलंय. ज्या कोड्याला एकच उत्तर, ते पहिल्याने दिलं की बाकीच्यांनी बोलायचं काय? आणि कंस न देता लिहिलेल्या त्या आडव्या गणितांच्या वाटेला जाऊच नका. त्यात गणित कमी, भांडणच जास्त.

प्रत्येकाची सुरुवात वेगळी असेल असा खेळ हवा. माझा हुकमी एक्का गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा. चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174, आणि तिथून हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच येतात. पण 6174 आधी फोडायचं नाही. "कुठे अडकलात?" एवढंच विचारायचं. (कापरेकर देवळालीचे शाळामास्तर, त्यांना 1949 मध्ये हे सापडलं, हेही शेवटी सांगा. शिक्षकांची कॉलर जरा ताठ होते.)

आमच्याकडे खरी मजा आणली ती एरवी चकार शब्द न काढणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी 2111 घेतली आणि लिहिलं, "माझं तर शून्यच आलं." 2111 − 1112 = 999, मग 999 − 999 = 0. मी उत्तर टाइप करायला घेतलं होतं, ते पुसलं. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणालं, 0999 लिहून बघा. 9990 − 0999 = 8991, आणि पुढे बरोबर 6174. त्यावरून एकाने विचारलं, डावीकडच्या शून्याला किंमत नाही असं आपणच वर्गात सांगतो ना? झालं! प्राथमिकचे, माध्यमिकचे, सगळे त्या एका शून्यावर तुटून पडले.

हे ओसरलं की चार वेळा 4 वापरून 1, 2, 3 अशा संख्या बनवायला द्या. साध्या चार क्रियांनी आणि 44 जोडून लिहायची मुभा दिली तर 10 पर्यंत जमतं: (44 − 4) ÷ 4. 11 ला गाडी अडते. वर्गमूळ हवंय अशी मागणी गटातूनच येऊ द्या.

कापरेकरांकडे परत जायचं तर तीन अंकी संख्या 495 वर थांबतात. दोन अंकी थांबतच नाहीत: 09, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 09. मग पाच अंकी घेतली तर, असं कोणीतरी विचारेलच. त्यालाच करायला बसवा.