बियारित्सचं ओतेल द्यु पाले: राजवाड्यात राहिल्यासारखं वाटतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला बियारित्समध्ये सम्राज्ञी युजेनीचा समुद्रकाठचा राजवाडा आता ‘ओतेल द्यु पाले’ (थोडक्यात ‘पाले’) नावाचं हॉटेल झालाय, जेवणासाठीही त्याचं नाव आहे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिथे दोन रात्री राहावं का, आणि जेवण त्या पैशांच्या लायकीचं आहे का. मी नोकरीनिमित्त बोर्दोला असतो. तिथून बियारित्स रेल्वेने दोनेक तास, त्यामुळे गाव पायाखालचं आहे. पालेत बायकोबरोबर राहिलोय, आणि आलेल्या पाहुण्यांना घेऊन नुसतं जेवायलाही गेलोय.

माझं मत सरळ सांगतो. जरूर जा, पण एकच रात्र राहा, आणि राजवाडा बघायला म्हणून जाऊ नका. कारण तो राजवाडा जळाला.

युजेनी मूळची स्पेनमधल्या ग्रानादाची. लग्नाआधी आईबरोबर ती बियारित्सला येत असे. तेव्हा हे कोळ्यांचं गाव होतं, फार पूर्वी देवमाशांच्या शिकारीवर पोसलेलं. १८५३ मध्ये तिचं फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनशी लग्न झालं, पुढच्याच उन्हाळ्यात दोघं इथे आली आणि समुद्रात घुसलेल्या खडकावर तिच्यासाठी बंगला बांधायचं ठरलं. १८५५ मध्ये तो राहण्याजोगा झाला. नाव ‘व्हिला युजेनी’. त्यानंतर जवळपास दर उन्हाळ्यात दरबार इकडे यायचा, आणि दरबार आला की युरोपातले बाकीचे मानकरीही मागोमाग यायचे. १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क आला होता तो याच व्हिलात. प्रशियाचं ऑस्ट्रियाशी वाजलं तर फ्रान्स मध्ये पडेल का, एवढं त्याला चाचपून बघायचं होतं. पुढल्या वर्षी ते युद्ध झालं, आणि १८७० मध्ये प्रशियाने सेदाँच्या लढाईत खुद्द नेपोलियनलाच कैद केलं. पाहुणा असा भोवला. युजेनी इंग्लंडला गेली, आणि दहा-अकरा वर्षांत व्हिला विकला गेला.

नव्या मालकांनी त्याचं हॉटेल आणि कसिनो केलं. म्हणजे सम्राज्ञीच्या खोल्यांत पैसे मोजून झोपता येत होतं, पण जेमतेम वीसेक वर्षं. १ फेब्रुवारी १९०३ ला आग लागली आणि भिंती तेवढ्या उरल्या. पुन्हा उभारणीचं काम एदुआर-जाँ निएरमान्स या वास्तुविशारदाकडे गेलं. पुढे नीसचं नेग्रेस्को हॉटेलही त्यानेच बांधलं. त्याने जुना इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखा आराखडा ठेवला (तो युजेनीच्या नावावरून, असं गावात सगळेच सांगतात), तांबडी वीट आणि पांढरा दगडही ठेवला, पण इमारत उंच आणि ऐसपैस केली. १९०५ मध्ये ती सुरू झाली. तुम्ही राहाल ती ही इमारत. पहिल्या दिवसापासून हॉटेल म्हणूनच बांधलेली.

हे आधी माहीत असेल तर निराशा होत नाही. माझ्याबरोबर आलेले एक काका ‘राणीची पलंगाची खोली कुठली’ असं जिन्यावर विचारत राहिले आणि स्वागतकक्षातली मुलगी अतिशय अदबीने विषय बदलत राहिली. झुंबरं, सोनेरी चौकटींचे आरसे, साम्राज्यकाळाच्या धाटणीचं फर्निचर, सगळं आहे. पण ते एका हॉटेलवाल्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी मांडलेलं राजेपण आहे. मला विचाराल तर ती गोष्ट मूळ राजवाड्यापेक्षा जास्त मजेची आहे. इंग्लंडचा सातवा एडवर्ड इथे वसंत ऋतूत मुक्कामाला यायचा. १९०८ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पंतप्रधानाने प्रकृतीमुळे राजीनामा दिला, तर राजेसाहेब सुट्टी सोडून लंडनला जाईनात. शेवटी नवे पंतप्रधान ॲस्क्विथ आगगाडीने इथवर आले आणि या हॉटेलात राजाच्या हाताचं चुंबन घेऊन त्यांनी पद स्वीकारलं. ब्रिटनचा पंतप्रधान परदेशी भूमीवर नेमला गेला तो एवढा एकदाच. व्हिलापेक्षा हॉटेलच्या भिंतींनी जास्त पाहिलंय, असं मी म्हणतो ते यासाठी. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये जी-७ परिषद बियारित्सला झाली, तेव्हा मॅक्राँ आणि ट्रम्प इथल्याच गच्चीवर दोघंच जेवायला बसले होते.

आता राहण्याबद्दल. इमारत शहराच्या मालकीची आहे, हॉटेल हयातकडून चालवलं जातं. फ्रान्समध्ये पंचतारांकितच्याही वर ‘पालास’ नावाचा दर्जा देतात. २०११ मध्ये तो पहिल्यांदा ज्या आठ हॉटेलांना मिळाला, त्यांत हे होतं. तेव्हा सेवेत खोट काढायला जागा नाही. पण लहानसं, घरगुती वाटणारं बुटिक हॉटेल डोक्यात असेल तर ते हे नव्हे. खोल्या शंभराहून बऱ्याच जास्त आहेत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावर लग्नघराइतकी वर्दळ असते.

खोली घ्यायची तर समुद्राकडचीच घ्या. गावाकडच्या बाजूची खोली घेऊन पैसे वाचवायचे असतील तर मग इथे राहण्यात अर्थच नाही, पलीकडच्या गल्लीत निम्म्याहून कमी पैशांत छान सोय होते. समुद्राकडे हॉटेल आणि अटलांटिक यांच्या मध्ये काही नाही. भरतीला लाटा खालच्या खडकावर आदळतात तो आवाज बंद खिडकीतूनही येतो. झोप सावध असेल तर रात्री त्रास होईल, हेही सांगून ठेवतो. सकाळी काचेवर खाऱ्या पाण्याचा पांढुरका थर बसलेला असतो. बोट फिरवलं की रेघ उमटते. माणसं रोज त्या काचा पुसत असतात आणि समुद्र रोज त्या पुन्हा माखतो. खाऱ्या वाऱ्यात एवढी मोठी इमारत उभी ठेवायचा खर्च बिलात दिसतोच.

जेवणाचं मात्र नीट ठरवून करा, कारण पैसे तिथेच वाया जाऊ शकतात. ‘रोतोंद’ नावाचं गोलाकार दालन आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र दिसेल अशा उंच खिडक्यांचं. दालनाला तोड नाही. तिथे आम्ही सोल मासा मागवला होता. वेटरने तो अख्खा भाजलेला मासा ढकलगाडीवर आणला, कडेचे बारीक काटे चमच्याने बाजूला सारले, मधल्या कण्याच्या रेषेवरून चमचा फिरवून वरचे दोन तुकडे उचलले आणि मग शेपटीला धरून अख्खा कणा अलगद वेगळा केला. मांसाचा कण वाया नाही, बोलणं मध्ये थांबलं नाही. असं वाढणं फार कमी ठिकाणी उरलंय. पण चवीबद्दल म्हणाल तर लोणी, लिंबू, उत्तम ताजा मासा: पॅरिसच्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात हेच मिळालं असतं. शेफ बदलतात, मेनू बदलतो, इथल्या बास्क लोकांचे पदार्थ यादीत येतात-जातात. इमारतीचा कल मात्र पॅरिसकडे आहे. म्हणून तिथे एकच जेवण घ्या, तेही दुपारचं. दिवसा समुद्र दिसतो. रात्री त्या महागड्या खिडक्यांत तुमचंच प्रतिबिंब दिसतं.

बाकीची भूक गावासाठी राखून ठेवा. हा बास्क मुलूख आहे आणि इथे खाणं हा गंभीर विषय आहे. बियारित्सच्या मंडईत, म्हणजे ‘लेज आल’ला, सकाळी दहाच्या आत जा. ओसो-इराती हे मेंढीच्या दुधाचं चीज आणि बरोबर इत्सासूच्या काळ्या चेरींचा मुरांबा, एवढ्यावर नाश्ता होतो. शेजारच्या बायोन शहराचं मीठ लावून मुरवलेलं हॅम किमान सात महिन्यांचं असतं. ते पातळ कापून घ्या. जाड तुकडा नुसता खारट लागतो. शेजारच्या सें-जाँ-द-ल्यूझ बंदरात ‘त्तोरो’ नावाचा माशांचा रस्सा मिळतो. त्यात एस्पेलेतची मिरची असते, तिला २००० सालापासून भौगोलिक मानांकन आहे आणि ती दहाच गावांत पिकवलेली चालते. शरद ऋतूत एस्पेलेत गावात घरांच्या दर्शनी भिंतींवर मिरच्यांच्या माळा वाळत टाकलेल्या दिसतात. फोटोला झकास, तिखट म्हणाल तर आपल्या लवंगीपुढे ती गोडच म्हणायची. फ्रेंच लोक मात्र ती चिमटीने टाकतात आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढतात.

बायोनचं चॉकलेट चुकवू नका. स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी ती विद्या सतराव्या शतकात इथे आणली, आणि धंदा चालायला लागल्यावर गावातल्या कारागिरांनी संघ काढून त्यांनाच बाहेर ठेवायचा प्रयत्न केला. आज मात्र शहर त्याच चॉकलेटवर मिरवतं.

दुसरी रात्र मी तुमच्या जागी सान सेबास्तियानला काढली असती. सीमेपलीकडे स्पेनमध्ये, साधारण पन्नास किलोमीटरवर. पालेतल्या दुसऱ्या रात्रीच्या भाड्यात तिथे राहणं, जुन्या गावात बारोबार उभ्याने पिंचोस (तिथले छोटे चटकदार घास) खाणं आणि एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी जेवण एवढं सगळं बसायला हरकत नाही. शिवाय तो स्वयंपाक त्या भूमीचा आहे.

महिना सप्टेंबर धरा. गर्दी ओसरलेली असते, पाणी अजून कोमट असतं. आणि तुमच्यापैकी कोणी शाकाहारी असेल तर पालेत खोली घेतानाच ईमेलने कळवा, अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट लिहा. आधी सांगितलं तर ते मन लावून करतात. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर भाजलेल्या भाज्या येतात. पिपराद हा ढोबळी मिरची, टोमॅटो आणि अंड्याचा पदार्थ शाकाहारी समजून मागवू नका, त्यात बहुतेकदा हॅम असतं.