पिथमपूरची बस सुटली, तिच्याबरोबर चालणंही सुटलं

*ताई, नमस्कार. वय ५६. इंदूरजवळ पिथमपूरच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर होतो, दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. पैशाची अडचण नाही. सौ. शाळेत शिकवते, सकाळी सातला जाते, तीनला येते. मुलगी पुण्याला असते. दोन वर्षांत माझं वजन ७८ वरून ९१ किलो झालं. उंची पाच फूट सहा इंच, कंबर ४३ इंच. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. बीपीची गोळी सुरू होती, पण डाएट धरल्यावर मी ती बंद केली. रीलमध्ये पाहून पोळी-भात सोडला, सहा किलो उतरले. मग चक्कर यायला लागली, डाएट सोडलं आणि आठ किलो वाढले. गुडघे दुखतात. दुपारी झोप आवरत नाही, रात्री घोरतो असं सौ. सांगते. मित्र म्हणतो, वजन उतरवायचं इंजेक्शन घे, मेडिकलवाला ओळखीचा आहे. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, चार महिन्यांत वीस किलो कमी करायचेत. बायको कमावते आणि हा घरी बसून फुगतोय, असंच लोक बोलत असणार. सौ. म्हणते, माझ्या हातचं सोडलंत, सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं मात्र सुटलं नाही. रोज वाद होतो. काय करू?*
*एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात आधी बीपीच्या गोळीचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टींना चार दिवस उशीर झाला तरी चालेल, याला नाही. गोळी बंद केल्याचं तुमच्या डॉक्टरांना माहीत नाही असं पत्रावरून वाटतं. उद्याच त्यांना भेटा आणि सगळं सांगा: डाएट, चक्कर, गोळी कधी बंद केली ते. पोळी-भात एकदम बंद केला की पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी आणि मीठ बरंच निघून जातं. काटा भराभर खाली येतो तो बराचसा त्यामुळे, आणि चक्करही त्यामुळे आलेली असू शकते. वजन उतरल्यावर बीपीची गोळी कधी कधी कमी करावी लागते हेही खरं आहे, पण ती किती आणि केव्हा कमी करायची हे डॉक्टर मोजून ठरवतात. वाढलेला बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो गेला असं वाटतं. घरी दंडाला बांधायचं मशीन आणा, सकाळी पाच मिनिटं स्वस्थ बसून मोजा आणि वहीत लिहा. तुम्ही आयुष्यभर लॉगबुक भरलंय, तुम्हाला हे जड नाही.

आता वजनाकडे येते. तुमच्या पत्रात जेवणाबद्दल पुष्कळ आहे, कारखान्याबद्दल एकच ओळ आहे. मला मात्र सगळं त्या ओळीतच दिसतं. सुपरवायझर खुर्चीत बसत नाही. या मशीनवरून त्या मशीनवर, स्टोअरमधून क्वालिटीत, तिथून परत लाइनवर, मध्येच कुणी हाक मारली म्हणून पुन्हा मागे. आठ तासांत किती चालणं होत होतं हे तुम्ही कधी मोजलं नाही, कारण ते काम होतं, व्यायाम नव्हता. जेवण कँटीनच्या वेळेला, चहा ठरलेला, आणि सकाळची बस पकडायची म्हणून रात्री वेळेवर झोप. व्हीआरएसच्या कागदावर सही केली त्या दिवशी पगार थांबला, त्याचा हिशेब तुम्ही नीट केला होता. चालणं, वेळेवरचं जेवण आणि झोप हेही त्याच दिवशी थांबलं, त्याचा हिशेब कुणीच केला नाही. कुणी करतही नाही.

त्यामुळे आळशी झालो, जिभेवर ताबा राहिला नाही, असं स्वतःला बोलत बसू नका. सकाळी सातला घर रिकामं होतं. मग मंडळींबरोबर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत किंवा कोपऱ्यावर पोहे, वर मूठभर सेव, जीरावन मसाला, बाजूला जिलेबी. अकराला चहा आणि टीव्हीपाशी सेवेचा डबा. तो डबा भुकेसाठी उघडला जात नाही, अकरा ते तीन हा वेळ जात नाही म्हणून उघडला जातो. माझं ठाम मत आहे की तुम्हाला नवीन डाएटची गरज नाही, नवीन पाळीची गरज आहे. घड्याळ लावून आखलेला दिवस हवा. तो आखला की निम्मं खाणं आपोआप जागेवर येईल.

पाळी अशी लावा. सौ. उठतात त्याच वेळी उठा आणि स्वयंपाकघर सकाळपुरतं तुम्ही हातात घ्या. त्यांचा डबा तुम्ही भरायचा, दोघांचा नाश्ता तुम्ही करायचा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुमच्या घरातला वाद पोळीवरून नाहीच. पहाटे उठून, शाळेला पळण्याआधी त्यांनी केलेल्या पोळ्या तुम्ही ताटाबाहेर ठेवल्या आणि रात्री मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस खाऊन आलात. त्यांना काय वाटलं असेल? त्यांना वजनाचं काही वाटत नाही, आपण नाकारले गेलो याचं वाटतं. तुम्ही सकाळी गॅसपाशी उभे राहिलात तर हा वाद शब्दाविना मिटायला लागेल. शिवाय कढईत तेल किती पडतं, ते तुमच्या हातात येईल.

पोहे सोडू नका. इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगणं मला पटतही नाही आणि ते टिकतही नाही. घरी करा: दोघांना दोन चमचे तेल, मटार भरपूर, दाणे मोजून, वर मोड आलेले मूग वाफवून, लिंबू, कोथिंबीर. सेव चिमूटभर, चवीपुरती. जिलेबी रविवारी, एकच. बाकी दिवशी मुगाची धिरडी, थालीपीठ आणि दही, कधी उकडलेली अंडी चालत असतील तर ती. दुपारच्या ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा घट्ट वरण वाढून घ्या, मग दोन पोळ्या. पोळी-भात शत्रू नाहीत. आपल्या ताटात डाळ पातळ आणि भात डोंगराएवढा असतो, तिथे घोटाळा होतो. या वयात प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून उसळ, दही, पनीर, डाळ यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. तेल माणशी दिवसाला चार-पाच चमच्यांच्या आत बसवा. महिन्याला घरात किती तेल येतं ते किराण्याच्या यादीत बघा, माणसं अंदाजात फार चुकतात.

सराफा. इथे मी कडक आहे, पण बंदी घालणार नाही. तिथे रात्री दहाला जेवून झाल्यावर जायचं आणि दुसऱ्यांदा जेवायचं, हे तुमच्या शरीराला आता परवडत नाही. महिन्यातून एकदा जा, सौं.ना घेऊन जा, त्या दिवशी घरी रात्रीचं जेवण ठेवू नका आणि दोघांत मिळून दोन पदार्थ खा. मित्रांना भेटायचंच असेल तर सौ. शाळेत गेल्यावर, सकाळी साडेसातला लालबागेत फिरायला बोलवा. पहिल्या आठवड्यात चौघांतला एखादाच येईल. तरी तुम्ही जा.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटांच्या घरात न्यायचं आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पण गुडघे दुखताहेत, तेव्हा सुरुवात दहा-दहा मिनिटांनी करा, तीन जेवणांनंतर एकेकदा. जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची उसळी कमी होते, हा वेगळाच फायदा. धावणं आणि मुद्दाम जिने चढणं सध्या नको. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, त्यामुळे गुडघे बरे होईपर्यंत थांबतो असं म्हणू नका.

चालण्याइतकंच महत्त्वाचं काम घरातल्या खुर्चीवर होईल. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू बसायचं, दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून दंड, दहा. मग बसल्या जागी पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही पाय. आठवड्यातून तीन दिवस एवढं करा. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघा सावरतो. दुखणं वाढलं तर ओढाताण करू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

घोरण्याची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला ती महत्त्वाची वाटते. घोरणं, दिवसा न आवरणारी झोप, वाढलेला बीपी आणि ४३ इंच कंबर हे एकत्र आलं की झोपेत श्वास अडत असेल अशी शंका घ्यायला हवी. सौं.ना विचारा, घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का. होत असेल तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, झोपेची तपासणी करता येते. अशा झोपेने माणूस दिवसभर थकलेला राहतो, भूक वाढते आणि मग तो स्वतःलाच नावं ठेवत बसतो.

इंजेक्शनबद्दल. ती खरी औषधं आहेत, २०२५ पासून आपल्याकडच्या दुकानांतही आली आहेत, आणि योग्य माणसाला त्यांचा उपयोग होतो. तुमचे आकडे बघता डॉक्टर कदाचित तुमचा विचार करतीलही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, ओळखीच्या मेडिकलवाल्याने नाही. मळमळ, उलट्या होतात, काही आजारांत ती देत नाहीत, स्नायूही उतरतात, आणि बंद केल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं. म्हणजे इंजेक्शन घेतलं तरी ही सकाळची पाळी चुकत नाही.

आता वीस किलो. चार महिन्यांत वीस म्हणजे आठवड्याला सव्वा किलो. असं उतरलेलं वजन कसं परत येतं ते तुम्ही एकदा पाहिलंय. आठवड्याला अर्धा किलो धरा, लग्नापर्यंत सात-आठ किलो होतील. ९१ चे ८३. लहान वाटतं ना? पण एवढ्याने बीपी, यकृत आणि साखर तिन्हींना फरक पडतो. तुमचं ६.१ हे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं आहे, ५.७ ते ६.४ मधलं. या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना घेऊन चेन्नईच्या डॉक्टरांनी एक मोठा अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि हालचाल बदलली त्यांच्यात ३९ जणांना. आणि त्या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. म्हणून काटा हलला नाही त्या आठवड्यात निराश होऊन डबा उघडू नका, आत काम चाललेलं असतं. वजन आठवड्यातून एकदाच करा, रविवारी सकाळी. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत असावी असं मानतात. तिथे पोचायला दोन वर्षं लागली तरी चालेल.

उरला अकरा ते तीनचा वेळ, आणि लोक काय म्हणतात ते. पस्तीस-एक वर्षं लोखंडाशी आणि माणसांशी काम केलेला सुपरवायझर घरी बसलाय आणि शहरातली आयटीआयची पोरं मशीनसमोर गोंधळून उभी राहताहेत. एखाद्या आयटीआयत किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा, आठवड्यातून तीन दिवस शिकवू का म्हणून. मानधन मिळो न मिळो. तिथे तुम्ही उभे राहाल, फिराल, बोलाल, आणि सेवेचा डबा घरी राहील. बायको कमावते याची लाज तर अजिबात बाळगू नका. तुम्ही रात्रपाळ्या केल्यात तेव्हा त्यांनी घर आणि नोकरी दोन्ही ओढलं, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांकडे जाताना सौं.ना बरोबर न्या. घोरण्याचं त्यांनाच सांगता येईल. तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि यकृताची तपासणी पुन्हा करा, आणि आकडे काहीही आले तरी मला कळवा.

तुमची,
ताई