‘मुलीला घेऊन गुपचूप निघून येऊ का?’

पत्र

ताई, मी 36 वर्षांची आहे. नवरा जर्मन आहे. 7 वर्षांपूर्वी भारतात विशेष विवाह कायद्याखाली आम्ही लग्न केलं आणि लगेच जर्मनीत राहायला आलो. 5 वर्षांची मुलगी आहे, तिचा पासपोर्ट जर्मन आहे. ती झाल्यावर मी नोकरी सोडली, आता अर्धवेळ काम करते. मारहाण, व्यसन असं काही नाही. पण दोन वर्षं आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो आणि बोलतो ते फक्त मुलीपुरतं. वेगळं व्हायचा विषय काढला की तो शांतपणे म्हणतो, “हो ना वेगळी. पण तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे. तुला परत जावं लागेल आणि मुलगी इथेच राहील.” सगळी कागदपत्रं त्याच्याकडे असतात, माझं जर्मन कामापुरतं आहे. घरच्यांशी भांडून मी हे लग्न केलं होतं, बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते. आता कुठल्या तोंडाने सांगू? आई म्हणते, अजून थोडं सोस. भाऊ म्हणतो, सुट्टीचं निमित्त करून मुलीला घेऊन ये आणि परत जाऊच नकोस, पुढचं इथे बघू. तिकिटं बघून ठेवली आहेत. काय करू?
– एक आई

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

ती तिकिटं काढू नकोस. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

भावाने प्रेमापोटीच सांगितलं असणार. हा सल्ला कुठून येतो तेही मला माहीत आहे. एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेलेल्या मुलांना परत आणण्यासाठी 1980 चा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे ‘एकदा भारतात पोचलं की कुणी काही करू शकत नाही’ अशी समजूत पसरली आहे. ती अर्धीच खरी आहे. जर्मनीत तुमच्या दोघांकडे मुलीचा एकत्र ताबा आहे. एका पालकाला अंधारात ठेवून मुलाला परदेशी नेणं, किंवा सुट्टीला नेऊन तिथेच ठेवून घेणं, हा जर्मन दंडसंहितेच्या कलम 235 खाली गुन्हा आहे आणि त्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तुझ्या पाठीमागे तिथलं कौटुंबिक न्यायालय ताबा वडिलांकडे देऊ शकतं, आणि मग जर्मनीच्या विमानतळावर उतरणंही तुला अवघड होईल. भारतातली न्यायालयं तुझ्याच बाजूने उभी राहतील याचीही खात्री नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका प्रकरणात मुलाचं हित सगळ्यात वर आणि परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, असं म्हटलं. त्याच न्यायालयाने 2020 मध्ये दुसऱ्या प्रकरणात लहान मुलीला अमेरिकेत परत न्यायला लावलं. अशा खटल्यात वर्षं जातील, आणि तेवढ्या काळात 5 वर्षांची मुलगी 8-9 वर्षांची होते.

आणखी एक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तो वाईट बाप आहे असं तू कुठेही म्हटलेलं नाहीस. मग त्या पोरीचा बाप एका रात्रीत नाहीसा करायचा अधिकार तुला नाही, आणि त्यालाही तुला नाहीसं करायचा नाही.

आता त्याच्या त्या वाक्याकडे येते, कारण तुझी झोप त्यानेच उडवली आहे. तुझ्या बाबतीत ते खरं नाही. जर्मनीत नवरा-बायको म्हणून किमान 3 वर्षं एकत्र राहिल्यानंतर संसार मोडला, तर परदेशी जोडीदाराला स्वतःचा, लग्नावर अवलंबून नसलेला परवाना मिळण्याची तरतूद निवास कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. तो सुरुवातीला एका वर्षाचा असतो. तुझी 3 वर्षं केव्हाच झाली. शिवाय तू एका अल्पवयीन जर्मन मुलीची आई आहेस आणि तिचा ताबा तुझ्याकडेही आहे. तिला वाढवण्यासाठी जर्मनीत राहण्याचा हक्क कलम 28 तुला वेगळा देतं. आज रात्री तुझं कार्ड काढून नीट बघ. त्यावर ‘नीडरलासुंग्सएरलाउबनिस’ असं लिहिलेलं असेल, तर तुझा मुक्काम कायमचाच आहे. आणि मुलीचं म्हणशील तर घटस्फोटानंतरही एकत्र ताबा आपोआप चालूच राहतो. तो बदलून हवा असेल तर कुणीतरी न्यायालयात मागावा लागतो आणि मुलीच्या हिताचं कारण दाखवावं लागतं. ‘मुलगी इथेच राहील’ हे त्याच्या एकट्याच्या तोंडचं वाक्य आहे, त्यामागे कुठलाही आदेश नाही.

एवढं कळल्यावर तुझ्या मनावरचं निम्मं दडपण उतरेल अशी माझी आशा आहे. कारण घाबरलेली बाई एकतर सोसत राहते, नाहीतर पळते. तुला हे दोन्ही करायचं नाही.

तुला पहिल्यांदा ठरवायची आहे ती घटस्फोटाची नव्हे, वेगळं होण्याची तारीख. जर्मनीत साधारणपणे 1 वर्ष वेगळं राहिल्याशिवाय घटस्फोट मिळत नाही, ते म्हणजे ‘ट्रेनुंग्सयार’. दोघांची संमती असेल तर त्या वर्षानंतर काम बरंच सरळ होतं, आणि 3 वर्षं वेगळी गेली तर एकाचा विरोध असला तरी लग्न मोडल्याचं कायदाच गृहीत धरतो. तुला वाटत असेल, आम्ही तर दोन वर्षं वेगळेच आहोत. कदाचित नाही. एकाच घरात राहूनही वेगळं होता येतं, पण मग फक्त खोल्या वेगळ्या असून भागत नाही. स्वयंपाक, कपडे, खर्च, सगळंच वेगळं लागतं. तू अजून त्याचे कपडे धूत असशील आणि घरखर्च एकाच खात्यातून चालत असेल, तर तुझं वर्ष सुरूच झालेलं नाही. मुलीसाठी अधूनमधून एका टेबलावर जेवलात तर चालतं. म्हणून एक दिवस नक्की कर आणि त्याला लेखी कळव. साधा ईमेल चालेल, वकिलाकडून पत्र गेलं तर उत्तम. मध्ये पुन्हा जमतंय का बघावंसं वाटलं, तर तेही करता येतं. 3 महिन्यांपर्यंतच्या अशा प्रयत्नाने मोजणी तुटत नाही. ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते, आणि तुझ्या मनात थोडीशीही शंका असेल तर ती वापरण्यात कमीपणा मानू नकोस.

(तुझ्या घरात मारहाण नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असेल, तर तिने वेगळं राहण्याच्या वर्षाची किंवा परवान्यासाठीच्या 3 वर्षांची मोजणी करत थांबू नये. असह्य परिस्थितीसाठी दोन्ही ठिकाणी अपवाद आहेत. 116 016 हा मदतीचा क्रमांक जर्मनीत दिवसरात्र, फुकट आणि अनेक भाषांत चालतो.)

पैशाबद्दल तू काहीच विचारलेलं नाहीस, त्यामुळे मलाच काळजी वाटली. वेगळं झाल्यापासून घटस्फोट होईपर्यंतच्या काळासाठी पोटगी मागता येते, पण ती मागितल्यापासून धरतात, मागच्या महिन्यांची सहसा मिळत नाही. मुलीच्या खर्चाचं वेगळं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे पेन्शन. लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेले पेन्शनचे हक्क न्यायालय घटस्फोटाच्या वेळी अर्धे-अर्धे वाटून देतं. तू मुलीसाठी नोकरी सोडलीस, त्या वर्षांत त्याचं पेन्शन वाढत होतं आणि तुझं नोकरीतून जमणारं थांबलं होतं. ‘आपण नोटरीकडे जाऊन सामोपचाराने मिटवू’ म्हणून तो कागद पुढे करेल, तर स्वतःच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नकोस. सामोपचार चांगलाच आहे, फक्त दोन्ही बाजूंना कागद कळलेला हवा. त्याच्या आरोग्य विम्यात तुझं नाव असेल, तर ते वेगळं राहताना टिकतं, घटस्फोट पक्का झाला की संपतं.

आता भारताचं. तू जर्मनीतच घटस्फोट घे. लवकर होईल म्हणून भारतात अर्ज करायचं कुणी सुचवलं, तर तो निकाल जर्मनीत वेगळा मान्य करून घ्यावा लागतो हे लक्षात ठेव. उलट, जर्मन निकाल भारतात टिकावा म्हणून एक गोष्ट सांभाळ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 13 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निकाल यांचं सार असं की, परदेशी घटस्फोट एकतर्फी किंवा आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर झाला तर तो इथे अडतो. समोरच्याने खुली संमती दिली असेल तर बहुधा अडत नाही. तेव्हा दोघांची संमती न्यायालयाच्या कागदांत स्पष्ट नोंदलेली असू दे. निकाल अंतिम झाल्याचा शेरा असलेली प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर जपून ठेव, पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायलाही ते लागेल. या बाजूसाठी भारतातल्या वकिलाचा एकदा सल्ला घे, तो पुरेसा आहे.

मुलीला घेऊन कायमचं भारतात यायची इच्छा असेल, तर तीही काही चोरून ठेवायची गोष्ट नाही. नवऱ्याची लेखी संमती माग. त्याने नाही म्हटलं तर मुलीने कुठे राहावं हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे मागता येतो. मिळेलच असं नाही, आणि बालवाडी, मैत्रिणी, बाप सगळं तिथे असताना न्यायाधीश पुष्कळ विचार करेल. करायलाच हवा. सुट्टीसाठी मात्र जरूर ये: जाण्या-येण्याच्या तारखा लिहिलेली त्याची संमती आणि परतीचं तिकीट सोबत घेऊन. आणि ठरलेल्या दिवशी परत जा.

राहता राहिला ‘कुठल्या तोंडाने’ हा प्रश्न. 29 व्या वर्षी तू एक माणूस निवडलास, त्यासाठी भांडलीस. ते खरं होतं. 36 व्या वर्षी तो संसार संपला आहे, हेही खरं आहे. पहिल्या निर्णयाची भरपाई म्हणून दुसरा टाळायचा, असं कुठलंच देणं तुझ्या डोक्यावर नाही. नातेवाईक म्हणतील, परदेशी होता म्हणूनच असं झालं. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. एकाच गावात, एकाच भाषेत वाढलेली जोडपीही वर्षानुवर्षं फक्त मुलांपुरतं बोलताना मी पाहिली आहेत.

बाबांना मात्र तू स्वतः सांग, भावाकडून कळायच्या आधी. त्यांचं मत विचारू नकोस, ते तुला माहीत आहे. त्यांच्याकडे एखादं ठरावीक काम माग. आईला दोन महिने माझ्याकडे पाठवा, असं म्हण. वेगळं झाल्यावरचे सुरुवातीचे आठवडे सगळ्यात जड जातात, घरात स्वतःचं माणूस हवं. आणि ‘सोस’ म्हणणारी आई तुझे दिवस जवळून बघेल.

या आठवड्यात एवढं कर. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पगाराच्या पावत्या, कराचे कागद, पेन्शनची पत्रकं या सगळ्यांचे फोटो काढून स्वतःकडे ठेव. स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघड. ‘युगेंडआम्ट’मध्ये, म्हणजे तिथल्या बालकल्याण कार्यालयात, वेगळं होणाऱ्या पालकांना फुकट सल्ला मिळतो, त्याची वेळ घे, तिथे गेलं की मूल काढून घेतात ही भीती मनातून काढून टाक. आणि कौटुंबिक कायद्याचा खास वकील शोध. घटस्फोटाचा अर्ज वकिलाशिवाय करता येत नाही, आणि दोघांचा वकील एकच असू शकत नाही, तो ज्याने नेमला त्याचाच असतो. वेगळं काही ठरवलं नसेल तर पहिल्या सल्ल्याचे जास्तीत जास्त 190 युरो आणि वर कर एवढेच घेता येतात. तुझं उत्पन्न कमी असेल तर आधी स्थानिक न्यायालयातून ‘बेराटुंग्सहिल्फे’चा, म्हणजे सवलतीच्या कायदेशीर सल्ल्याचा, दाखला आण, मग 15 युरोंत काम होतं. फोनवर सुरुवातीलाच विचार, इंग्रजीत समजावून सांगाल का. नाही म्हणाले तर दुसऱ्याला फोन कर.

– तुझी ताई