मातीतला ओलावा मोजताना डबीवर लक्ष ठेव

अरे, ओव्हनचं टेन्शन घेऊ नकोस. १०५ ते ११० अंशांवर लावून रात्रभर ठेवलंस की त्याचं काम तो करतो. घोळ होतो तो आधी आणि नंतर.

नमुना आला की लगेच डबीत भर, झाकण लाव आणि वजन घे. चहा पिऊन येईपर्यंतसुद्धा माती सुकते, विशेषतः पंख्याखाली. डबी आणि झाकण दोन्हींवर एकच नंबर हवा; झाकणं अदलाबदल झाली की आकडे गेले. काळ्या मातीचं ढेकूळ तसंच टाकू नकोस, फोडून पसर, नाहीतर आत ओल राहते. शंका आली तर पुन्हा तासभर ठेवून वजन बघ, फरक पडायला नको. जिप्सम किंवा सेंद्रिय भाग जास्त असेल तर मात्र ६० ते ८० अंशच.

गरम डबी थेट काट्यावर नको. झाकण लावून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड कर. त्यातली ओल शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आधी ती वाळव (हे कुणीच बघत नाही!).

उडालेल्या पाण्याच्या वजनाला भागायचं कोरड्या मातीच्या वजनाने, ओल्या नव्हे. म्हणून चिखलाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वर आला तरी दचकू नकोस.