घरून काम मागितलं की आपण कामचुकार ठरतो का?

हा प्रश्न मला इंग्लंडमधल्या मराठी बायकांकडून, हल्ली पुरुषांकडूनही, इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहायचंच ठरवलं. त्यातही युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्यांकडून जास्त, कारण कोविडनंतर तिथल्या ऑफिसच्या कामात हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसात, चांगलंच रुळलं होतं आणि आता बऱ्याच ठिकाणी लोकांना परत कॅम्पसवर बोलवायला लागलेत. जिची गोष्ट सांगतेय तिला मधुरा म्हणूया. तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मधुरा मिडलँड्समधल्या एका युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन्स ऑफिसात आहे. आठवड्याचे ३५ तास, नवरा हॉस्पिटलात शिफ्टवर, मुलगा सहा वर्षांचा, शाळा सव्वातीनला सुटते, आफ्टर-स्कूल क्लबला वेटिंग लिस्ट, आणि ऑफिसला जायचं तर ट्रेनने एका बाजूचा तास. आधीच्या मॅनेजरशी तोंडी ठरलं होतं की आठवड्यातले तीन दिवस घरून करायचं, मग मॅनेजर बदलली आणि नवीन बाईंनी टीमला सांगितलं की सप्टेंबरपासून चार दिवस कॅम्पसवर. कागदावर काहीच नव्हतं त्यामुळे मधुराकडे दाखवायलाही काही नव्हतं.

पण ती माझ्याकडे आली ती हे सांगायला नाही, झोप लागत नाही म्हणून आली. लॅपटॉप बंद केला की धडधडतं म्हणाली. हळूहळू बोलताना कळलं की घरून काम असेल त्या दिवशी ही बाई जेवायला खुर्चीवरनं उठत नाही, बाथरूमला जाताना फोन घेऊन जाते, टीम्सवरचा, म्हणजे ऑफिसच्या चॅट ॲपवरचा, आपण जागेवर आहोत हे दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून मधेच माउस हलवत राहते आणि रात्री दहाला मुलगा झोपला की परत मेल उघडून दोनचार उत्तरं पाठवते, म्हणजे वेळ बघून कुणालातरी कळेल की मी काम करतेय. ऑफिसात असते त्या दिवशी यातलं काहीच करत नाही, तिथे निवांत चहा घेते. तीच बाई, तेच काम.

मी विचारलं, घरून काम करणं म्हणजे काय वाटतं तुला? ती पटकन म्हणाली, "ताई, उपकार." मग बाबांचा विषय निघाला. ते सांगलीकडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते, आयुष्यभर मस्टरवर सही वेळेत, अंगात ताप असला तरी जायचे कारण साहेबांना आपण खुर्चीत दिसलो पाहिजे. ते प्रामाणिक होते आणि त्या काळच्या व्यवस्थेत त्यांचं बरोबरच होतं, मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण त्यातून मुलीच्या मनात बसलं की साहेबाला दिसतं तेवढंच काम. आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाई रोज प्रेमाने विचारतात, "आज घरीच आहेस ना, मग भरपूर वेळ असेल." मधुरा हसून हो म्हणते आणि फोन ठेवल्यावर अजून तासभर जास्त काम करते.

मग आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना मी हेच सांगते. हक्क काय आहे तो एक विषय, आणि मनात जी अपराधाची भावना आहे तो दुसरा. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल असं सगळ्यांना वाटतं, तसं होत नाही.

हक्काचं आधी. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्झिबल वर्किंग, म्हणजे कामाचे तास, वेळा किंवा जागा बदलून, मागता येतं, त्याआधी २६ आठवडे नोकरी झालेली लागायची. बारा महिन्यांत दोनदा अर्ज करता येतो, दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो (दोघांनी ठरवून मुदत वाढवली तर वेगळं), आणि तुमच्याशी चर्चा न करता नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं तर कायद्यात आठ कारणं दिलीत, जास्तीचा खर्च, कामाच्या दर्जावर परिणाम, उरलेल्या लोकांत काम वाटता न येणं वगैरे, त्यातलंच काहीतरी असावं लागतं. हा मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही, हे मी स्पष्ट सांगते कारण खोटी आशा लावून उपयोग नाही. पण मागितलं म्हणून त्रास दिला किंवा काढून टाकलं तर ते बेकायदेशीर आहे, आणि मधुराला हे ऐकूनच पहिल्यांदा जरा श्वास सोडता आला. अर्ज लेखी हवा, तारीख हवी, हा कायद्यानुसार केलेला अर्ज आहे असं त्यात लिहिलेलं हवं, काय बदल हवा आणि कधीपासून, आणि आधी असा अर्ज केला असेल तर कधी, एवढंच. टीमवर काय परिणाम होईल हे लिहायची सक्ती आता राहिली नाही, तरी मी म्हणते लिहाच, कारण मॅनेजरच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच असतो.

इथे एक मधेच सांगते. तुम्ही स्वतः स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर तास कमी करायच्या आधी एचआरच्या व्हिसा टीमला विचारा, पगार व्हिसाच्या मर्यादेखाली गेला तर मोठी अडचण होते, आणि कामाची जागा बदलली तर ते युनिव्हर्सिटीला होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवावं लागू शकतं. आणि "महिनाभर पुण्याहून काम करते, कुणाला कळतंय" असं तर अजिबात करू नका. टॅक्स, विमा, विद्यार्थ्यांचा डेटा, सगळंच त्यात येतं. आधी परवानगी मागा, नाही मिळाली तर रजा टाकून जा. मधुरा नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट आहे म्हणून तिला पगाराची भीती नव्हती.

अर्जाच्या आधी मी तिला कामाची डायरी ठेवायला लावली, कुठलं काम कुठे बसून केलं आणि कसं झालं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. भारतातल्या बोर्डांच्या, युनिव्हर्सिट्यांच्या मार्कशीट तपासून कोण पात्र ते ठरवणं हे तिचं मुख्य काम, ते घरी शांततेत खूप बरं होत होतं आणि चुकाही कमी. ओपन डे, विद्यार्थ्यांच्या भेटी, नवीन मुलांना शिकवणं हे मात्र कॅम्पसवरच बरं, आणि तिथे जाऊन तिलाही छान वाटायचं. क्लिअरिंग, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर ए-लेव्हलचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीचा, निकाल लागतो आणि उरलेल्या जागांसाठी फोन खणखणतात, तेव्हा तर कॅम्पसवर असायलाच हवं असं तिचंच मत. मी म्हणलं हे सगळं असंच अर्जात लिही. आपणहून अडचणीचे दिवस सांगितले की समोरच्याला कळतं की ही फक्त स्वतःची सोय बघत नाहीये.

तिचा पहिला मसुदा तीन वेळा सॉरी म्हणून सुरू होत होता, ते काढलं. मी मॅनेजर झाले, ती ती, असं दोनतीनदा बोलून बघितलं. "मुलगा घरी असताना तू काम कशी करणार?" हा प्रश्न आला की ती गोंधळायची, आणि तो रास्त प्रश्न आहे, घरून काम म्हणजे मुलाला सांभाळायची सोय नव्हे. मग तिने वेळापत्रकच मांडलं. युनिसनच्या प्रतिनिधीलाही अर्ज दाखवला, युनिव्हर्सिटीतल्या ऑफिस स्टाफची ती मोठी युनियन आहे आणि असल्या वेळी लोक तिच्याकडे जातच नाहीत, जा.

तीन दिवस मागितले होते, दोन मिळाले. मंगळवार आणि गुरुवार घरून, सकाळी साडेसातला सुरुवात, तीनला उठून मुलाला आणायचं आणि नवरा घरी असेल तसं उरलेलं काम संध्याकाळी. कॅम्पसच्या दिवशी शाळेतनं आणायला शेजारच्या एका पालकाशी अदलाबदल ठरली. क्लिअरिंगचे आठवडे पूर्ण कॅम्पसवर, तेव्हा शाळेला सुट्टी असते म्हणून नवऱ्याने रजा टाकायची. तीन महिने ट्रायल, सगळं लेखी. मॅनेजर वाईट नव्हती हो, तिच्यावर वरून दबाव होता आणि कुणी तिला व्यवस्थित मांडून काही दिलंच नव्हतं.

आणि तरीही पुढच्या सेशनला मधुरा म्हणाली, धडधड तशीच आहे. मला हे अपेक्षित होतं. परवानगी मिळाली पण मनातला साहेब तसाच बसलेला. मग आम्ही छोटे प्रयोग सुरू केले. जेवायला अर्धा तास लॅपटॉपपासून लांब बसायचं, ठिपका होऊ दे पिवळा, आणि आधी कागदावर लिहायचं की काय होईल असं वाटतं. तिने लिहिलं, दहा मिनिटांत मेसेज येईल, कुठे आहेस म्हणून. कुणाचा मेसेज आला नाही. पुढच्या वेळी एक आला, तो फाइल कुठे आहे एवढंच विचारणारा, तिने जेवून उत्तर दिलं आणि समोरून थँक्यू आलं. रात्रीचे मेल बंद करायला जास्त वेळ लागला. मधे एक आठवडा सगळं परत घसरलं, मुलगा आजारी होता आणि तिने रात्री बारापर्यंत भरपाई केली. तेव्हा मी तिला विचारलं की ऑफिसात असताना मुलाला ताप आला असता तर काय केलं असतंस? "सांगून निघाले असते." मग घरूनही सांगूनच उठायचं.

सासूबाईंशीही बोलली. म्हणाली, आई, मंगळवारी आणि गुरुवारी मी ऑफिसातच असते असं समजा, फोन रात्री करते. त्यांनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

झोप बरीच सुधारलीये, पूर्ण नाही. ट्रायलच्या शेवटच्या मीटिंगसाठी आम्ही आत्ता तयारी करतोय. किती अर्ज तपासले, चुका किती निघाल्या, घरच्या दिवशी टीमला तिची कुठे गरज पडली आणि ती भागली का, एवढं एका पानावर घेऊन जायचं. मॅनेजर परत बदलली तरी ठरलेलं तसंच चालू राहावं म्हणून करारातला बदल लेखी मागायचा. आणि त्या मेलची सुरुवात सॉरीने करायची नाही, हे तिने स्वतःच सांगितलं.