फ्रँचायझीचं दुकान विकायला काढलं तर कंपनी आडवी येऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका ब्रँडचं आइस्क्रीम पार्लर सहा वर्षं चालवताय, घेणारा मिळालाय, पण कंपनी म्हणते आधी आमची परवानगी घ्या आणि ट्रान्सफर फी भरा. दुकान माझं, पैसे मी घातले, मग हे मध्ये कोण, असा तुमचा प्रश्न आहे.

नाशिकला माझी बेकरीची फ्रँचायझी विकताना मीही अगदी हेच म्हणालो होतो. मग एका रात्री करारनामा घेऊन बसलो. ओव्हन, काउंटर, फ्रीझर, उरलेला माल माझा होता. पाटीवरचं नाव आणि रेसिपी मात्र माझी नव्हती, ती वापरायची फक्त परवानगी होती, आणि तीही माझ्याकडे बघून मला दिलेली. ती दुसऱ्याच्या हाती द्यायची तर कंपनीला विचारावंच लागतं. त्यामुळे संमतीचा हक्क त्यांना आहे, हे मान्य करूनच पुढे चला.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांवरच सगळं चालतं. म्हणून तुमच्या करारातलं हस्तांतरणाचं कलम शोधा. ट्रान्सफर फी, जुनी थकबाकी चुकती करणं, नव्या माणसाचं ट्रेनिंग, त्याने नवा करार करणं या अटी बहुतेक ठिकाणी असतात. नव्या करारात रॉयल्टी वाढलेली असू शकते, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

सगळ्यात बारकाईने वाचायचं ते पहिल्या खरेदीच्या हक्काचं कलम, म्हणजे बाहेरच्याला विकण्याआधी कंपनी स्वतः दुकान घेऊ शकते, हे सांगणारं. बाहेरच्या माणसाने जी किंमत देऊ केली त्याच किमतीला कंपनी घेणार, असं असेल तर तुमचं काही जात नाही. माझ्या करारात 'घसारा वजा जाता मालमत्तेची किंमत' असं होतं. पाच वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं त्या हिशेबात शून्य! मी घेणाऱ्याकडून इसार घेऊन मोकळा झालो होतो. कंपनीने निर्णयाला दोन महिने लावले, तोवर त्याने दुसरीकडे गाळा घेतला आणि इसार परत करावा लागला. म्हणून कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही घेऊ नका.

कोणी सांगेल, कंपनी किंवा भागीदारी काढा आणि हिस्साच विकून टाका. कोका-कोलाची पेयं बाटल्यांत भरणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीत करार चालू असताना तसंच झालं होतं, शेअर पेप्सीच्या बाजूला गेले. मुंबई उच्च न्यायालयाने करार संपवण्याच्या नोटिशीच्या मुदतीत त्यांना दुसऱ्यांची पेयं भरायला मनाई केली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणून या पळवाटेवर भरवसा ठेवू नका.

आता तुमच्या बाजूचं. करार संपल्यावर तुम्ही आइस्क्रीमचा धंदाच करायचा नाही, असं कंपनीने लिहून घेतलं असेल, तरी करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती अट सहसा टिकत नाही. त्यांचं नाव आणि गुपित रेसिपी वापरायची नाही, एवढं मात्र पाळावंच लागेल. पण घेणाऱ्याला तुम्ही धंद्याचं गुडविल, म्हणजे जोडलेली गिऱ्हाइकं आणि पत, विकत असाल, तर त्याच भागात तसलंच दुकान काढणार नाही असं त्याला लिहून दिलेलं वाजवी मर्यादेत चालतं. त्यामुळे कुठल्या कागदावर काय लिहून देताय, ते नीट बघा.

आणखी दोन गोष्टी. गाळा भाड्याचा असेल तर मालकाशी आताच बोला. आणि डिपॉझिट देताना तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर तिच्यातून मोकळं केल्याचं पत्र कंपनीकडून घ्या, नाहीतर नव्या माणसाची थकबाकी तुमच्या दारात येऊ शकते.

आजच कंपनीला ईमेल टाका, घेणाऱ्याची माहिती आणि ठरलेली किंमत द्या, नकार असेल तर कारण लेखी मागा. हस्तांतरणाचं कलम नावं झाकून इथे टाकलंत तर वाचून सांगतो. रकमा मोठ्या असतील तर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.